गोळी पुरेशी आहे, असं म्हणून थांबू नका

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली



एचआयव्हीची लागणच होऊ नये म्हणून द्यायच्या लशीविषयी आपल्याकडे अधूनमधून लिहिलं-बोललं जातं. हे पत्र दुसऱ्या एका लशीविषयी आहे. लागण होऊन वर्षं लोटलेल्या माणसाला ती द्यायची, त्याच्या स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीला विषाणू काबूत ठेवायला शिकवायचं, आणि जमलं तर रोजच्या गोळीतून त्याला मोकळं करायचं, असा तिचा हेतू आहे. संशोधक तिला उपचारात्मक लस म्हणतात. अशी एकही लस आज जगात वापरासाठी मंजूर झालेली नाही. पण ती कुणाच्या शरीराचा विचार करून बनणार, कुणाच्या रक्तावर तपासली जाणार आणि तिची किंमत कोण ठरवणार, हे ती बाजारात येण्याच्या कितीतरी आधी ठरतं. ती वर्षं आत्ता चालू आहेत, आणि त्यांत भारताचा सहभाग आपल्या गरजेच्या आणि कुवतीच्या मानाने फार तोकडा आहे. आपण आरोग्य संशोधन विभागाचे सचिवही आहात आणि भोसरीची एड्स संशोधन संस्था आपल्याच अखत्यारीत येते, म्हणून हे पत्र आपल्याला.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मंडळाबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. मी शास्त्रज्ञ नाही. पण एचआयव्हीवरचे उपचार देणाऱ्या एआरटी सेंटरच्या बाकावर बसलेल्या माणसांच्या तोंडून एक प्रश्न सतत ऐकते, “ताई, ही गोळी कधी बंद होईल?” समुपदेशक सांगतात, “बंद करायची नाही. एक दिवसही चुकवायची नाही.” आजच्या घडीला हेच उत्तर बरोबर आहे. ते कायम तेच राहावं का, हे मात्र संशोधन करणाऱ्यांच्या आणि संशोधनाला पैसा देणाऱ्यांच्या हातात आहे.

आधी गोळीचं ऋण मान्य करते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत होते. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी सुरू केली. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. आज टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तिन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात, त्यांतले १७ लाखांहून अधिक जण उपचारावर आहेत, आणि राज्यवार पाहिलं तर सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची आहे. नियमित गोळी घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो, आणि मग शारीरिक संबंधातून तो जोडीदाराला होत नाही. उपचार हाच प्रतिबंध आहे हे दाखवून देणाऱ्या एचपीटीएन ०५२ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही सहभागी होती. माझ्या ओळखीची कितीतरी माणसं आज हयात आहेत, त्यांची मुलं शाळा-कॉलेजात जातात, ती या गोळीमुळेच.

पण ही गोळी रोज काय मागते, तेही पाहावं. बीड जिल्ह्यातून दर हंगामात आमच्याकडे ऊसतोडीला येणारी एक बाई आहे. बाटलीवरचं लेबल ती पाण्याने भिजवून नखाने खरवडून काढते. बाटलीत कापूस कोंबते, म्हणजे गोळ्या वाजत नाहीत. मग ती बाटली ज्वारीच्या पिठाच्या डब्यात तळाशी दाबून ठेवते. राहायच्या कोपीला दार नसतं, आणि टोळीतल्या सगळ्या जोडप्यांच्या कोप्या एकमेकींना खेटून असतात. पहाटे भाकरी थापायला बसल्यावर, फडावर निघण्याआधी, ती पिठात हात घालते आणि गोळी तोंडात टाकते. मुकादमाच्या कानावर गेलं तर पुढच्या वर्षी उचल मिळणार नाही, ही तिची भीती. तिच्या व्हायरल लोडच्या रिपोर्टवर वर्षानुवर्षं ‘टीएनडी’ येतं, म्हणजे विषाणू सापडत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाचं ती यश आहे, अगदी खरंखुरं. तरीही गोळी लपवण्याचं काम तिला एका दिवसासाठीही सुटलेलं नाही.

आणि हे सगळं, पुरवठा सुरळीत असेल तेव्हाचं. जुलै २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्याविरुद्ध एचआयव्हीसह जगणारी माणसं दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दारात धरणं धरून बसली होती. ज्याचं आयुष्य रोजच्या गोळीवर अवलंबून आहे, त्याला गोदामातला गोंधळही जिवावर बेतू शकतो. दीर्घकाळ औषधं घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडांकडे आणि हाडांकडे डॉक्टरांना लक्ष ठेवावं लागतं. विषाणू दबलेला असला तरी शरीरात धुमसत राहणारा दाह पूर्ण विझत नाही. आयुष्यभराची गोळी हा चांगला उपाय आहे, पण तो शेवटचा उपाय म्हणून स्वीकारायला मी तयार नाही.

गोळी विषाणूला संपवत का नाही, हे आपल्याला सांगायला नको. पण हे पत्र बाधित माणसंही वाचतील, म्हणून सांगते. एचआयव्ही आपला जनुकीय मजकूर थेट आपल्या रोगप्रतिकारशक्तीतल्या सीडी-४ पेशींच्या गुणसूत्रांत घालून ठेवतो. त्यांतल्या काही स्मृतिपेशी वर्षानुवर्षं स्वस्थ पडून राहतात. त्या विषाणू तयार करत नाहीत, त्यामुळे तिथे औषधाला करण्यासारखं काही उरत नाही, आणि रोगप्रतिकारशक्तीलाही त्या ओळखू येत नाहीत. हरळी वरून कितीही खुरपली तरी जमिनीत काशा राहतात आणि पहिल्या पावसात रान पुन्हा हिरवं होतं. या साठ्याचं तसंच आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने दाखवलं की उपचारावर असलेल्या माणसातला हा साठा निम्मा व्हायलाच सुमारे ४४ महिने लागतात. त्या हिशेबाने नुसत्या गोळीवर तो संपायला ७० हून जास्त वर्षं हवीत.

गोळी थांबवली, तर बहुतेकांच्या रक्तात दोन-तीन आठवड्यांत विषाणू परत येतो. म्हणून हे पत्र वाचून कुणीही, एक दिवससुद्धा, गोळी थांबवू नये. ३३ देशांतल्या ५,४७२ जणांच्या ‘स्मार्ट’ अभ्यासात सीडी-४ चा आकडा पाहून औषध थांबवलेल्या गटात गंभीर आजाराचा किंवा मृत्यूचा धोका अडीच पटींहून अधिक निघाला. जानेवारी २००६ मध्ये त्या अभ्यासात नवी भरती बंद झाली आणि सगळ्यांना पुन्हा औषधावर यायला सांगण्यात आलं.

तरीही एक वाट निसर्गानेच दाखवून ठेवली आहे. बाधितांपैकी शंभरात एकाहूनही कमी माणसांचं शरीर कोणत्याही औषधाशिवाय विषाणू दाबून ठेवतं. त्यांच्यापैकी अनेकांच्या सीडी-८, म्हणजे मारेकरी पेशी, विषाणूच्या अशा भागांवर मारा करतात, जे बदलले तर विषाणू स्वतःच दुबळा होतो. त्यामुळे त्याला रूप पालटून निसटता येत नाही. या मोजक्या माणसांना जे उपजत मिळालं, ते बाकीच्यांना लशीने शिकवता येईल का? उपचारात्मक लशीचं सगळं संशोधन या प्रश्नातून उभं राहिलं आहे.

या वाटेवर अपयश भरपूर आहे आणि ते झाकून मला काही मागायचं नाही. पोलिओच्या लशीमुळे घराघरांत ठाऊक असलेल्या जोनास सॉल्क यांनी १९८७ मध्येच बाधितांना लस देण्याची कल्पना मांडली. त्यांच्या ‘रेम्यून’ या लशीची अडीच हजारांहून अधिक जणांवरची चाचणी १९९९ मध्ये थांबवण्यात आली, कारण आजार किंवा मृत्यू टळण्यात काही फरक दिसेना. कॅनरीपॉक्स विषाणूवर बेतलेल्या एका लशीच्या चाचणीत तर लस घेतलेल्यांमध्ये औषध थांबवल्यावर विषाणू जास्तच उसळला. बँकॉकमध्ये, लागण होताच उपचार सुरू झालेल्या लोकांना दोन लशींची जोडी दिली गेली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या निकालात रोगप्रतिकारशक्ती चांगली जागी झालेली दिसली, पण विषाणू परतायला जेमतेम काही दिवस जास्त लागले.

या अपयशांनी बरंच शिकवलं. विषाणू वेगाने रूप बदलतो, म्हणून त्याच्या सहज बदलणाऱ्या भागांवर नेम धरायला शिकवणारी लस निरुपयोगी ठरते. जुन्या संसर्गात सीडी-८ पेशी थकलेल्या असतात. त्यांना नुसतं उठवून भागत नाही, नवं लक्ष्य द्यावं लागतं. आणि विषाणू ज्या पेशींत झोपलेला आहे त्या जाग्या झाल्याशिवाय मारेकरी पेशींना काही सापडतच नाही. त्यामुळे आजचे संशोधक एकट्या लशीवर विसंबत नाहीत. विषाणूच्या न बदलणाऱ्या भागांवर बेतलेली लस, तिच्या जोडीला अनेक प्रकारच्या एचआयव्हीला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं आणि रोगप्रतिकारशक्ती चेतवणारं औषध, अशी एकत्र मांडणी ते करतात.

त्याची फळं अजून लहान आहेत, पण खरी आहेत. बार्सिलोनाच्या संशोधकांनी ४५ जणांवर केलेल्या ‘एलिक्स-००२’ चाचणीचे निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. जनुकांमुळे मुळातच अनुकूल प्रतिकार लाभलेल्या व्यक्ती वगळून उरलेल्यांचा हिशेब केला, तेव्हा लस घेतलेल्यांपैकी ४० टक्के जण २२ आठवडे गोळीविना राहू शकले. लशीऐवजी नुसतं द्रावण टोचलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १० जणांना लस, दोन प्रतिपिंडं आणि चेतवणारं औषध असं सगळं मिळून देण्यात आलं. त्यांतल्या ७ जणांत विषाणू उशिरा परतला किंवा कमी पातळीवर राहिला. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये २० तरुण स्त्रियांना प्रतिपिंडं आणि चेतवणारं औषध देऊन गोळ्या थांबवल्या गेल्या. त्यात लस नव्हती. त्यांतल्या चौघींनी गोळीविना दीर्घकाळ विषाणू आटोक्यात ठेवला, असं २०२५ मध्ये जाहीर झालं. ज्या खंडाने या साथीचा सर्वांत मोठा भार वाहिला, तिथली अशा प्रकारची ती पहिली चाचणी.

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. या चाचण्यांत भाग घेणारी माणसं कोण आहेत? एलिक्समधले बहुतेक जण समलिंगी किंवा उभयलिंगी पुरुष होते, आणि सगळ्यांचे उपचार लागणीनंतर लवकर सुरू झाले होते. बँकॉकमध्येही तसंच, आणि डर्बनच्या मुलींचंही निदान फार लवकर झालं होतं. उपचार लवकर सुरू झाले की विषाणूचा साठा लहान राहतो आणि रोगप्रतिकारशक्ती शाबूत असते. म्हणून संशोधक अशी माणसं निवडतात. विज्ञानाच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

पण आपली माणसं वेगळी आहेत. २००४ साली मोफत उपचार सुरू झाले तेव्हा सीडी-४ दोनशेच्या खाली गेल्याशिवाय गोळी मिळत नसे. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली, आणि निदान होताच सगळ्यांना उपचार हे धोरण आलं २०१७ मध्ये. म्हणजे आपल्याकडच्या लाखो जुन्या रुग्णांच्या शरीरात गोळी पोहोचण्याआधी विषाणूने कित्येक वर्षं मोकाट घालवली आहेत. त्यांचा साठा मोठा आहे आणि पेशी थकलेल्या आहेत. त्यांच्यापैकी दहात चारांहून अधिक स्त्रिया आहेत. आणि त्यांच्यातला विषाणू बहुतांशी ‘सी’ उपप्रकाराचा आहे. जगातल्या जवळपास निम्म्या बाधितांत हाच उपप्रकार असूनही, या क्षेत्रातलं बरंच संशोधन युरोप-अमेरिकेतल्या ‘बी’ उपप्रकारावर उभं आहे. शिवाय सीडी-८ पेशींना विषाणूचे तुकडे दाखवणारे एचएलए रेणू प्रत्येक लोकसमूहात वेगळ्या प्रमाणात आढळतात. एका समूहाच्या एचएलएला जुळणारे तुकडे दुसऱ्याला जुळतीलच असं नाही.

थोडक्यात, परदेशात उद्या एखादी लस यशस्वी झाली, तरी पिठाच्या डब्यात बाटली लपवणाऱ्या त्या बाईला ती लागू पडेल याची आज कुणीही खात्री देऊ शकत नाही. ती खात्री हवी असेल तर तिच्यासारख्या माणसांचा अभ्यास इथेच व्हायला हवा. उशिरा उपचार सुरू झालेल्या, ‘सी’ उपप्रकाराच्या, जुनाट संसर्गाचा प्रश्न जगात कुणाचा असेल तर तो आपला आहे. तो दुसरं कुणी आपल्यासाठी सोडवून देणार नाही.

आपल्याकडे काय नाही? भोसरीची संस्था १९९२ पासून उभी आहे. अलीकडे तिचं नाव बदललं, तरी पुणेकर तिला अजून ‘नारी’च म्हणतात. देशातली पहिली एचआयव्ही लसचाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये तिथेच सुरू झाली. पुढे पुणे आणि चेन्नईत दोन लशींच्या जोडीचीही चाचणी झाली. त्या सगळ्या प्रतिबंधक लशी होत्या, आणि त्यांतून वापरण्याजोगी लस हाती आली नाही. पण स्वयंसेवकांना माहिती कशी द्यायची, संमती कशी घ्यायची, रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं कसे जपायचे, हे शिकलेली माणसं त्यांतून तयार झाली. फरिदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये एचआयव्ही लस संशोधनाचं काम झालं आहे. एलिक्स चाचणीतल्या लशींपैकी एक ज्या चिंपांझी अॅडेनोव्हायरसच्या मंचावर बनली होती, तोच मंच कोव्हिशिल्डचा. त्या लशीचे कोट्यवधी डोस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केले. उपचारात्मक लस ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत जी. पी. तलवार यांच्या नेतृत्वाखाली कुष्ठरोगासाठी विकसित झालेली लस औषधोपचाराच्या जोडीने रुग्णांना देण्यात आली आहे.

तर माझ्या मागण्या चार आहेत.

पहिली, जुनाट संसर्गाचा एक मोठा, दीर्घकालीन भारतीय गट उभा करा. त्यात दहा-पंधरा वर्षं उपचारावर असलेली माणसं असावीत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि औषधाशिवाय विषाणू दाबून ठेवणारी ती विरळ माणसंही शोधून घ्यावीत. ‘सी’ उपप्रकाराचा साठा किती आहे, कुठे आहे, आपल्या लोकांच्या सीडी-८ पेशी विषाणूचा कोणता भाग ओळखतात, हे मोजा. यात कुणाचीही गोळी थांबवायची नाही, फक्त रक्त आणि वेळ द्यायचा आहे. तो द्यायला माणसं तयार होतील, असा माझा अनुभव आहे. या माहितीशिवाय भारतासाठी लस आखणं म्हणजे अंदाजावर चालणं.

दुसरी, लस आणि तिच्या जोडीची प्रतिपिंडं इथे बनावीत यासाठी आत्ताच करार करा, आणि किमतीची अट पहिल्या कागदावर लिहून घ्या. लेनाकापाविर हे सहा महिन्यांतून एकदा टोचायचं प्रतिबंधक औषध ताजं उदाहरण आहे. अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत २८ हजार डॉलरच्या वर लावली गेली, आणि भारतीय कंपन्या ते २०२७ पासून गरीब देशांना वर्षाला ४० डॉलरला देण्याच्या तयारीत आहेत. आपल्या कारखान्यांची ताकद यातून दिसते. पण दुसऱ्याने शोध लावायचा आणि आपण परवानगी मिळाल्यावर स्वस्तात बनवायचं, एवढ्यावर समाधान मानू नका. शोधात वाटा असेल तरच किमतीत शब्द राहतो.

तिसरी मागणी सर्वांत नाजूक आहे. अशी लस चालते की नाही, हे कळायला शेवटी एकदा देखरेखीखाली गोळी थांबवून पाहावंच लागतं. आज तरी दुसरी खात्रीची कसोटी नाही. अशा चाचणीत दर आठवड्याला किंवा त्याहूनही कमी अंतराने व्हायरल लोड तपासावा लागतो आणि विषाणू ठरलेल्या मर्यादेवर गेला की लगेच गोळी सुरू करावी लागते. आपल्या कार्यक्रमात स्थिर रुग्णाचा व्हायरल लोड साधारण वर्षातून एकदा होतो. तेव्हा ही क्षमता आधी उभी करावी लागेल. गोळी थांबली की माणसाकडून जोडीदाराला लागण होण्याची शक्यता परत येते. युरोपातल्या चाचण्यांत असं घडल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. म्हणून जोडीदाराला सगळं सांगणं, त्याला प्रतिबंधक औषध मोफत देणं आणि त्याचीही नियमित तपासणी करणं हा चाचणीचाच भाग असला पाहिजे. आणि आपल्याकडे कितीतरी जणींनी घरात काही सांगितलेलंच नसतं. अशा बाईला चाचणीत घ्यायचं की नाही, घेतलं तर तिचं गुपित कसं जपायचं, हे प्रश्न बार्सिलोनाच्या आराखड्यात सापडणार नाहीत. त्यांची उत्तरं तिच्यासारख्यांना बरोबर घेऊनच शोधावी लागतील.

म्हणून चाचणीचा आराखडा लिहिण्याच्या पहिल्या दिवसापासून एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटना चर्चेत सहभागी असाव्यात. आराखडा झाल्यावर सही करायला बोलावलेले सल्लागार म्हणून नव्हे. संमतीपत्र मराठीत असावं, आणि तेही एआरटी सेंटरवरच्या बाईला एका वाचनात कळेल अशा मराठीत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संशोधनासाठीही समजून-उमजून दिलेली संमती बंधनकारक केली आहे, आणि २०१९ च्या क्लिनिकल चाचणी नियमांत इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद आहे. हे संरक्षण कागदावरून माणसापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी आपली.

चौथी मागणी, खोट्या आशेविरुद्ध बोला. १९९० च्या दशकात मुंबईत गुरांमधल्या एका विषाणूपासून बनवलेलं द्रव्य लस म्हणून एचआयव्हीबाधितांना टोचलं गेलं, सरकारी परवानगीशिवाय. मरण समोर दिसत असलेल्या माणसांची असहायता तेव्हा वापरली गेली. आजही ‘एचआयव्ही मुळापासून बरा’ अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर दिसतात, आणि त्यांच्यामागे गोळी सोडलेली माणसं पुढे टीबी घेऊन आमच्याकडे येतात. उपचारात्मक लशीची बातमी पसरेल तसे तिच्या नावाने इंजेक्शनं विकणारेही उगवतील. परिषदेने प्रत्येक भारतीय भाषेत साधी, वेळोवेळी ताजी होणारी माहिती द्यावी. कोणती चाचणी चालू आहे, कुठे, कुणी घेतली आहे, आणि काय अजून सिद्ध झालेलं नाही, एवढं त्यात असावं. खरी आशा मोजून सांगितली तर लोक धीर धरतात. काहीच सांगितलं नाही, तर भोंदूचं ऐकतात.

हे सगळं आत्ताच का, याचं कारण आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी आरोग्य मदतीला आणि एचआयव्ही लस संशोधनाला मोठी कात्री लावली. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधन गटांचा पैसा थांबला आणि खुद्द अमेरिकेतल्या लस संशोधनाच्या मोठ्या गटांनाही पुढचं अनुदान नाकारलं गेलं. दोन-तीन दशकं मेहनतीने बांधलेली पथकं पांगण्याच्या बेतात आहेत. एड्स कार्यक्रमाचा बराचसा भार भारत स्वतःच्या तिजोरीतून उचलतो, आणि याचा मला अभिमान आहे. त्याच स्वावलंबनाने आपण संशोधनाचा स्वतंत्र निधी उभा करू शकतो. तो किमान दहा वर्षांसाठी बांधील असावा, कारण सरकार बदलल्यावर किंवा पहिल्या अपयशावर बंद पडणाऱ्या योजनेतून लस होत नाही. डर्बनच्या शास्त्रज्ञांकडे ‘सी’ उपप्रकाराचा आणि स्त्रियांबरोबर काम करण्याचा अनुभव आहे, आपल्याकडे निर्मितीची ताकद आणि लाखो रुग्णांची उपचारयंत्रणा आहे. दोन्ही देशांनी हात मिळवावा अशी याहून योग्य वेळ येणार नाही.

मला ठाऊक आहे की आपल्यासमोर टीबी आहे, मधुमेह आहे, कर्करोग आहे, आणि एचआयव्हीवर तर औषध आहेच, असं म्हणणारे सहकारीही असतील. त्यांना एवढंच सांगा की गोळी आहे म्हणूनच हे संशोधन आज शक्य झालं आहे. वीस वर्षांपूर्वी माणसं जगवणं हेच काम होतं. आज ती माणसं जगली आहेत, चाळिशी-पन्नाशीत आली आहेत, आणि आणखी तीस-चाळीस वर्षं जगणार आहेत. त्या वर्षांचं काय करायचं, याचं उत्तर त्यांना राज्यसंस्थेकडून मिळायला हवं. पहिली लस चालणार नाही, कदाचित दुसरीही नाही. अपयश आलं तर तेही आमच्यापुढे मांडा, आम्ही समजून घेऊ. अपयशाच्या भीतीने सुरुवातच न करणं मात्र समजून घेणं कठीण जाईल.

येत्या १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, दरवर्षीप्रमाणे भाषणं होतील, फेऱ्या निघतील, लाल फिती लागतील. त्या दिवशी आपण भोसरीला यावं आणि जुनाट एचआयव्ही संसर्गावरच्या उपचारात्मक लशीसाठी राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर करावा. त्याचा निधी किती, मुदत किती आणि जबाबदार अधिकारी कोण, हे तिथेच सांगावं, आणि त्याच्या पहिल्या समितीत एचआयव्हीसह जगणाऱ्यांना जागा द्यावी. आमच्या मंडळातली माणसं त्या समितीत बसायला, रक्ताचे नमुने द्यायला, संमतीपत्राची मराठी तपासून द्यायला, आणि चुकेल तिथे उभं राहून सांगायला तयार आहेत.

आपल्या जाहीर उत्तराची अपेक्षा ठेवते.

आपली विश्वासू,
एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मंडळातली एक कार्यकर्ती